पहिली हॅकेथॉन, पूर आणि म्हशी: कोल्हापुरातल्या एका टीमचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारी चार मुलं शहरातच भरलेल्या २४ तासांच्या हॅकेथॉनमध्ये उतरली. चौघांचीही पहिलीच वेळ. मी तिथे मेंटर होतो, म्हणजे टेबलाटेबलावर फिरून प्रश्न विचारायचे आणि शक्यतो उत्तरं द्यायची नाहीत, हे माझं काम. नंतर चौघांशी निवांत बोललो आणि त्यांच्या परवानगीने हे लिहितोय. नावं आणि कॉलेज बाजूला ठेवलंय. आपल्याकडे माणसाला गावावरून हाक मारायची पद्धत आहेच, ती इथे कामाला येईल: चिखलीचा, इचलकरंजीचा, कागलची आणि शाहूपुरीची.

हॅकेथॉन म्हणजे ठरलेल्या वेळेत एखाद्या प्रश्नावर चालतं-बोलतं काहीतरी बनवून परीक्षकांपुढे मांडायचं. २०१७ पासून केंद्र सरकारची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली आणि हे वारं आपल्या भागातल्या कॉलेजांपर्यंत पोचलं. आता गॅदरिंगसारखी हॅकेथॉनही होते.

चौघांची येण्याची कारणं चार. इचलकरंजीच्याने नुकताच मशीन लर्निंगचा, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याचा, ऑनलाइन कोर्स संपवला होता आणि तो कुठेतरी वापरून बघायचा होता. कागलचीला प्लेसमेंटसाठी सर्टिफिकेट हवं होतं, आणि हे तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. शाहूपुरीची तिच्याबरोबर आली. चिखलीच्याला घेतलं, कारण फॉर्मवर चार नावं लागत होती. पहिल्या हॅकेथॉनला येणाऱ्या बहुतेक टीम अशाच जुळतात आणि त्यात वावगं काही नाही. कुणाला काय येतं हे मात्र आधी बोलून घ्यायला हवं होतं. ते झालं नाही आणि पुढची बरीच ओढाताण तिथून सुरू झाली.

अडचण

विषय निवडताना त्यांनी ‘आपत्ती व्यवस्थापन’ घेतला आणि फॉर्मवर नाव लिहिलं: ‘एआयवर आधारित पूर अंदाज व साहाय्य प्रणाली’. अंदाज सांगणारं मॉडेल, नकाशा आणि प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉट असे तीन भाग. कागदावर झकास.

कोल्हापुरात पुराचा विषय सुचणं साहजिक आहे. २०१९ साली राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ साली ५६ च्या वर. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्यामुळे बंद पडला. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्यामुळे हॉलमध्ये पुरावरच्या टीम आणखीही होत्या, आणि बहुतेकांच्या पहिल्या स्लाइडवर शिवाजी पुलाचाच फोटो होता.

शनिवारी सकाळी दहाला सुरुवात झाली. दुपारपर्यंत पहिली ठेच लागली ती नकाशाची. गूगल मॅप्स आपल्या अ‍ॅपमध्ये वापरायचा तर बिलिंगसाठी कार्ड जोडावं लागतं, आणि चौघांपैकी कुणाकडेही ते नव्हतं. कागलचीने फार वेळ न घालवता ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा आणि तो दाखवणारं लीफलेट घेतलं, दोन्ही फुकट. हा प्रश्न तिथेच मिटला.

डेटाचा प्रश्न मात्र मिटणारा नव्हता. पुराचा अंदाज मॉडेलकडून काढायचा तर अनेक वर्षांचा पाऊस, धरणांचा विसर्ग आणि नदीची पातळी, तेही तासातासाची आणि एका सुरात मांडलेली, अशी माहिती लागते. हे सगळं कुठल्यातरी संकेतस्थळावरून एका क्लिकवर उतरवून घेता येईल असं त्यांनी धरलं होतं. हाती आलं ते असं: काही पीडीएफ, काही तक्त्यांचे फोटो आणि पावसाळ्यात सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात तसे पातळीचे मेसेज.

मग इचलकरंजीच्याने स्वतःच डेटा तयार केला. पायथॉनमध्ये पाऊस, विसर्ग आणि पातळीचे हवे तेवढे आकडे काढले, आणि पातळी ४३ च्या वर असेल तिथे ‘पूर’, खाली असेल तिथे ‘पूर नाही’ असा शिक्का मारला. त्यावर मॉडेल शिकवलं. अचूकता नव्वदीच्या पुढे! गडी खूश. संध्याकाळी सातच्या फेरीत मी त्यांच्या टेबलाशी आलो तेव्हा त्याने पहिल्यांदा तो आकडाच दाखवला. मी विचारलं, शिक्का कशावरून मारला? तो सांगायला लागला आणि अर्ध्या वाक्यातच थांबला. नियम त्याने घातला होता आणि मॉडेलने तोच नियम शोधून परत दिला होता. ४३ हा आकडा तर कुठलाही रिक्षावाला सांगेल, त्याला मशीन लर्निंग कशाला?

त्याच फेरीत दुसरा प्रश्न विचारला: हे उघडणार कोण? एक म्हणाला जिल्हा प्रशासन, एक म्हणाली एनडीआरएफ, एक म्हणाली सामान्य नागरिक. चिखलीचा गप्प होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो तेव्हा म्हणाला, “सर, आमच्या घरात तर कोणी उघडणार नाही. पूर येणार हे आम्हाला म्हाईतच असतंय. म्हशी कवा हलवायच्या, एवढंच कळत नसतंय.”

इथे थोडं थांबायला हवं. प्रयाग चिखली हे नद्यांच्या संगमावरचं गाव. पंचगंगा तिथून पुढे पंचगंगा म्हणून वाहते. आधीच्या महापुरांनंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला पुनर्वसनाच्या जागा मिळाल्या, तरी जुनी घरं, शेती आणि गोठे नदीकडेच आहेत. पाणी चढायला लागलं की माणसं जनावरांसह हलतात. लवकर हलावं तर टेम्पोचं भाडं जातं, वैरण दोन ठिकाणी करावी लागते आणि जागा बदलली की म्हैस दुधाला कमी येते. ज्या घराचा खर्च दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलावर चालतो, तिथे हा तोटा लगेच कळतो. आणि उशीर करावा तर रस्ताच पाण्याखाली. म्हणजे निर्णय रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा असतो, आणि तो चुकला तर दोन्हीकडून मार बसतो.

हे सगळं जगलेला मुलगा टीममध्ये होता आणि दिवसभर त्याच्याकडे लॉगिनचं पान बनवण्याचं काम होतं.

पर्याय

पेच कळला सातला. बोलणी झाली रात्री अकराला, हॉलबाहेरच्या जिन्यावर. मधले चार तास प्रत्येक जण आपापल्या भागात डोकं खुपसून बसला होता.

पहिला पर्याय होता तसंच पुढे जायचा. मॉडेल आहे, अचूकतेचा आकडा आहे, नकाशावर लाल-पिवळे ठिपके आहेत. परीक्षक घाईत असतात, खोलात कोण जातंय? इचलकरंजीचा याच बाजूचा होता. त्याचा अख्खा दिवस त्यात गेला होता, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे.

दुसरा शाहूपुरीचीने सुचवला. मागच्या सेमिस्टरला तिने हजेरीचं अ‍ॅप केलं होतं, ते तयार होतं. त्यालाच थोडा साज चढवायचा आणि विषय बदलून घ्यायचा. पण जे काही कराल ते २४ तासांतच लिहिलेलं हवं, असा स्पर्धेचा नियम होता. पकडले जाण्याची शक्यता कमी होती, पण कागलचीने हा पर्याय लगेच मोडीत काढला. तिचं कारण नियमाचं नव्हतं: “ते अ‍ॅप सगळ्या वर्गाने बघितलंय. उद्या हॉलमध्ये निम्मा वर्ग असणार आहे.”

तिसरा पर्याय म्हणजे अंदाजाचा नाद सोडायचा. बंधाऱ्यावरच्या पातळीचा रोजचा मेसेज घ्यायचा आणि त्यावरून एकेका घराला सांगायचं: आता तयारीला लागा, आता हला, आता रस्ता धरू नका. यात एआय नाही, फॉर्मवरचं नाव खोटं पडतं, आणि जे उरतं ते फारच साधं दिसतं. चौघांनाही भीती वाटत होती ती याच साधेपणाची. शेजारच्या टेबलावर ड्रोन होता.

मतदान झालं नाही. कागलची एवढंच म्हणाली, “सकाळी परीक्षकांनी विचारलं, डेटा कुठनं आणला, तर कोण बोलणार? जो बोलणार तो सांगू दे, मग मी गप नकाशा करतो.” कुणीच तोंड उघडलं नाही. तिसरा पर्याय ठरला.

काय केलं

पहिलं काम फोनचं. साडेअकराला चिखलीच्याने चुलत्यांना फोन लावला. “तात्या, झोपलासा काय?” तात्या जागे होते. पोराने विचारलं, आपल्या गल्लीतनं म्हशी कधी काढायच्या, किती फुटाला?

“फूट-बिट मला इचारू नगंस,” तात्या म्हणाले. “देवळाच्या पायरीला पाणी लागलं की वैरण बांधायची. गाभण म्हस पहिली काढायची, तिला गर्दीत चढवता येत न्हाई. आणि घरात पाणी यायची वाट बघायची न्हाई. पाणी घरात नंतर येतंय, रस्त्यावर आधी येतंय.”

शाहूपुरीची हे सगळं वहीत उतरवून घेत होती. शेवटचं वाक्य तिने दोनदा गोल केलं. तोवर त्यांच्या नकाशावर घराची जागा आणि घराची उंची होती. आता धोक्याची खूण घरावरून उठून रस्त्यावर गेली. एका घरासाठी तीन टप्पे ठरले: तयारी, हालचाल, रस्ता बंद. पायरीचं फुटात रूपांतर करायला त्यांनी तात्यांनाच उलटा प्रश्न विचारला. २०२१ ला पायरीला पाणी लागलं त्या दिवशी मोबाइलवर किती फूट आलं होतं? तात्यांना ते बिनचूक आठवत होतं, निदान त्यांच्या आवाजावरून तरी. मग गल्लीतल्या आणखी दोन घरी फोन गेले. तिथले आकडे थोडे वेगळे निघाले, तेही तसेच लिहून घेतले.

यानंतर इचलकरंजीचा परत कामाला लागला आणि खरं कौशल्य त्याने इथे दाखवलं. पातळीचे मेसेज कुणी कसेही लिहितं. कुठे ‘४१ फूट ५ इंच’, कुठे आकड्यांवर एक-दोन टिंबं, कुठे नुसतं ४१.५. कधी मराठी अंक, कधी इंग्रजी. हे वाचून त्यातून पातळी काढणारा कोड त्याने लिहिला. रात्री तीनच्या सुमारास विचित्र प्रकार दिसला: पाणी चढतंय आणि कोड म्हणतोय उतरलं. कारण ४१ फूट ९ इंच तो ४१.९ असा साठवत होता आणि ४१ फूट १० इंच ४१.१० असा, म्हणजे संगणकाच्या लेखी ४१.१. इंच वाढला, आकडा घसरला. बारा इंचांचा फूट दशांश चिन्हात बसत नाही. त्यांनी सगळं इंचात बदललं आणि फक्त दाखवताना फूट-इंच केलं. त्या अख्ख्या रात्रीत मला सगळ्यात आवडलेली दुरुस्ती हीच. अशी चूक खऱ्या पुरात कुणाच्या म्हशी अडकवू शकली असती.

निरोप पोचवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. एसएमएसची कल्पना होती, पण आपल्याकडे अ‍ॅपमधून एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, संस्थेची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. एका रात्रीत ते होत नाही. म्हणून टेलिग्रामचा बॉट केला, म्हणजे त्या अ‍ॅपवर आपोआप मेसेज पाठवणारा प्रोग्राम. तो काही मिनिटांत उभा राहतो. मजकूर शाहूपुरीचीने लिहिला, आणि तो चांगला लिहिला: ‘वैरण बांधा. गाभण जनावर आज संध्याकाळी हलवा.’ आधीच्या मसुद्यात ‘कृपया सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ असं होतं.

पहाटे पाचला नेहमीचा गोंधळ झाला. तिघांनी एकाच फाइलमध्ये बदल केले होते आणि सगळ्यांचा कोड जिथे ठेवला होता त्या गिटहबवर एकत्र करताना एकमेकांचं काम पुसलं गेलं. कागलचीने लॅपटॉप ओढून घेतला, “सरका, मी बघतो,” म्हणाली आणि ओळ न् ओळ जुळवत बसली. त्यातच बॉटचं टोकन, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये गेल्याचं लक्षात आलं. जुनं रद्द करून नवं काढलं. सकाळी मिसळ आली तेव्हा चिखलीचा भिंतीला टेकून झोपला होता. त्याचा पाव इचलकरंजीच्याने खाल्ला.

निकाल

मांडणीसाठी पाच मिनिटं होती. स्लाइड चौदा. पहिल्या साडेतीन मिनिटांत महापुराचा इतिहास झाला, जो परीक्षकांनी स्वतः भोगलेला होता. मग डेमो. बॉट गप्प. तो इचलकरंजीच्याच्या लॅपटॉपवर चालत होता आणि हॉलमधून मांडणीच्या खोलीत येताना त्याने लॅपटॉप मिटला होता. मिटला म्हणजे झोपला, आणि बॉटही झोपला. परत सुरू करून नेट जोडेपर्यंत वेळ संपत आली. एक मेसेज कसाबसा गेला आणि परीक्षकाच्या हातातल्या फोनवर ‘वैरण बांधा’ उमटलं. खोलीत हशा पिकला. चांगला हशा.

परीक्षकांत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पहिला: राजाराम बंधारा कसबा बावड्याला, चिखली त्याच्या वरच्या अंगाला. मग खालची पातळी बघून वरच्या गावाला सांगणं कितपत बरोबर? दुसरा: ४० फूट आणि चढतं पाणी, ४० फूट आणि उतरतं पाणी, दोन्हीला तुमचा बॉट एकच सांगतो का? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ते कुठे धरलंय? तिसरा: हे टप्प्यांचे आकडे आले कुठून?

पहिल्या दोनांना त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्याला चिखलीचा म्हणाला, “माझ्या चुलत्यांकडनं, आणि शेजारच्या दोन घरांतनं.” मग वहीतलं पान दाखवलं. परीक्षकांनी ते बराच वेळ वाचलं. दुसऱ्या परीक्षक बाईंनी विचारलं की तात्या टेलिग्राम वापरतात का. नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅप. हेही तिथेच कबूल झालं.

बक्षीस मिळालं नाही. ड्रोनलाही मिळालं नाही. पहिला क्रमांक सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या रांगेवर काम करणाऱ्या टीमला गेला आणि तो योग्य होता. या टीमला परीक्षकांच्या शेऱ्यात ‘प्रश्न नेमका, मांडणी कच्ची’ असं मिळालं. सर्टिफिकेट चौघांनाही मिळालं, कागलचीचं काम झालं.

वेगळं काय करता आलं असतं

सातला मिळालेली माहिती आणि अकराला घेतलेला निर्णय, यांतलं अंतर मला सगळ्यात महाग वाटतं. डेटा नाही हे तर दुपारीच कळलं होतं. त्याच वेळी चौघांनी उठून, लॅपटॉप मिटून, जिन्यावर जाऊन बोलायला हवं होतं. पहिल्यांदा येणाऱ्या टीमला थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं, कारण शेजारी सगळे टाइप करत असतात. इथे उलटं झालं. चार तास टाइप केलेलं जवळजवळ सगळं फेकून द्यावं लागलं.

डेटा आहे का, हे घरी बसून दोन दिवस आधी बघता आलं असतं. विषयांची यादी आधी जाहीर झाली होती. कोड आधी लिहायला बंदी असते, शोधाशोध करायला नाही. तात्यांना फोन करायलाही नाही. चिखलीचा शुक्रवारी घरी जाऊन आला असता तर तीन घरांऐवजी अख्ख्या गल्लीचे आकडे वहीत असते, आणि पायरी प्रत्यक्ष मोजलेली असती.

कामाच्या वाटणीबद्दल माझं मत जरा कडक आहे. ज्याला प्रश्न माहीत होता त्याला लॉगिनचं पान दिलं, जिला लिहिता येत होतं तिला रात्री अकरापर्यंत स्लाइडचे रंग निवडायला बसवलं. कोड येणं म्हणजेच काम येणं, असा समज आपल्या कॉलेजांत घट्ट बसलेला आहे. लॉगिनची तर गरजच नव्हती. पुराच्या मेसेजला पासवर्ड कशाला?

डेमोचं मात्र सोपं होतं. सकाळी आठला कोड गोठवायचा, चालता बॉट मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचा आणि मांडणीची सुरुवात तात्यांच्या वाक्याने करायची. स्लाइड पाच पुरल्या असत्या. इतिहास सांगायची गरज कोल्हापुरात तरी नव्हती.

एका गोष्टीवर चौघांत अजून एकमत नाही. इचलकरंजीच्याला वाटतं, मॉडेल पूर्ण टाकून द्यायला नको होतं, निदान पाणी चढण्याचा वेग तरी काढता आला असता, आणि निवृत्त साहेबांचा दुसरा प्रश्न तिथेच सुटला असता. माझ्या मते त्याचं बरोबर आहे. फक्त त्याला मॉडेल लागत नाही, शेवटच्या दोन मेसेजमधली वजाबाकी पुरते. तो हे मान्य करायला अजून तयार नाही.

आता कॉलेजात स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची अंतर्गत फेरी आहे. तिथे सहा जणांची टीम लागते आणि त्यात किमान एक मुलगी हवी. मुली दोन आहेतच, माणसं दोन कमी पडतात. एक जागा त्यांनी सिव्हिलच्या, जलसंपदेचे विषय शिकणाऱ्या मुलाला दिली आहे. दुसरीसाठी वाद चालू आहे: इचलकरंजीच्याला अजून एक मशीन लर्निंगवाला हवाय, कागलचीला स्टेजवर नीट बोलणारं कुणीतरी. नावं देण्याची मुदत सोमवारपर्यंत आहे.